शिडाची सावली

सायकलच्या जुन्या ट्यूबचा वास आला की मला रामटेकजवळचा तलाव आठवतो. चाळीसेक वर्षं झाली. कॉलेजच्या शिडाच्या होडीत मी सोलर प्लेट स्क्रूने पक्की ठोकली होती. तिच्यावर बिनसेलचा रेडिओ वाजवून दाखवायचा होता. सर काठावर कान टवकारून उभे होते. होडी वळली, शिडाची सावली प्लेटवर पडली आणि रेडिओ मुका झाला. नावाडीकाका हसले, "पक्की काहून ठोकली वं? सावली तं फिरून राहिली!" मी स्क्रू काढले, त्यांनी वल्ही बांधायचे ट्यूबचे पट्टे दिले. मग दर वळणाला प्लेट सोडायची आणि उन्हाच्या बाजूला बांधायची. गाणं पार काठापर्यंत पोचलं. सरांनी टोपीच उडवली! परवा माझ्या गच्चीवर प्लेटा ठोकायला मिस्त्री आला. म्हटलं, "थांब गा, पहिले सावली पाहू दे."