फोमवर डोळे मिटून

"पेरिफेरल न्यूरोपथी," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे पायांच्या नसा कमकुवत होणं. तळव्याखाली काय आहे ते मेंदूला नीट कळतच नाही. माझ्या बाबतीत कारण होतं व्हिटॅमिन बी-ट्वेल्वची कमतरता. मी लगेच विचारलं, गोपाळकाल्यापर्यंत बरी होईन ना? काला पाच आठवड्यांवर आला होता. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि आधी इंजेक्शनं सुरू करू म्हणाल्या.

मी लालबागची. आमच्या महिला गोविंदा पथकात चौदा वर्षं पहिल्या थराला, म्हणजे अगदी तळाला उभी राहते. आमच्या खांद्यांवर आणखी चार थर चढतात.

सुरुवात चपलेपासून झाली. बाजारात पायातली चप्पल निघून मागे राहिली आणि मला पत्ताच नाही. भाजीवालीने हाक मारून दाखवली. घरी सगळे हसले, मीही हसले आणि दोन महिने तसेच काढले. तुमच्या बाबतीत असं झालं तर हसण्यावारी नेऊ नका.

तोलाची तपासणी परळला होती. बाहेर बाकावर मला बसवेना. उठायचं, पाण्याच्या कूलरपर्यंत जायचं, परत यायचं. शेजारचे आजोबा वैतागले.

फिजिओथेरपिस्ट डिसोझा मॅडम माझगावच्या, मराठी अगदी चोख. त्यांनी मला एका सेन्सरच्या पट्टीवर अनवाणी उभं केलं. पायाचा भार जिथे जास्त पडतो तिथे स्क्रीनवर लाल दिसतं, कमी तिथे निळं. नुसत्या पट्टीवर मी पास झाले. मग आला फोम, जाडजूड स्पंजसारखा. मऊ जागेवर तळव्यांना खबर कमी मिळते आणि डोळे मिटले की नजरेच्या आधाराने चाललेली उरलीसुरली लबाडीही उघडी पडते. पडू नये म्हणून कमरेला पट्टा बांधला होता.

पाय जुळवा, हात खाली, डोळे मिटा. दोन क्षणांत मॅडम म्हणाल्या, हात खाली ठेवा. परत केलं, परत तेच. मला राग आला, हात खालीच आहेत की! चौथ्यांदा त्यांनी आहे तशीच थांबवून डोळे उघडायला लावले. माझे दोन्ही हात बाजूला पसरले होते, बरोबर खांद्याच्या उंचीवर. थरात आम्ही एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकूनच उभ्या राहतो.

मी समजावून सांगितलं तेव्हा त्या हसल्या. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. डावा पाय लाल, उजवा जवळजवळ निळा.

"तुमच्या डावीकडे कोण असतं?"

मंदा असते. सराव सुरू झाल्यापासून तिचा खांदा दुखत होता. रोज तेल चोळायची आणि मी तिला म्हातारी म्हणून चिडवायचे. एवढे दिवस मी जमिनीवर नव्हे, मंदावर उभी होते.

बसमध्ये ठरवलं, कुणाला बोलायचं नाही. घरी ओट्याशी गादीची घडी घालून तिच्यावर उभं राहायचा व्यायाम सुरू केला. सकाळ, दुपार, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. नवरा म्हणायचा, जरा टेक की. टेकवत नव्हतं. चौथ्या आठवड्यात पुन्हा तपासणी झाली. फोमवर, डोळे मिटून, हात खाली ठेवून मी चार सेकंद टिकले, मग पट्ट्याने तोलून धरलं. नसा सावकाश भरून येतात, महिने लागतील, यंदा थर नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी गप्प राहिले असते तर काल्याला कुणाला कळलंही नसतं. पण वरच्या सगळ्याजणी माझ्या ज्या तळव्यांच्या भरवशावर चढणार, ते मलाच कळत नव्हते. रविवारी सकाळी सरावाला गेले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मंदा जवळ आली.

"अगो, आधी बोलायचं ना. मी आपली समजत होते, माझाच खांदा गेला कामातून."

मला रडू कोसळलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

काल्याला माझ्या जागी मंदाची जाऊ उभी राहिली. पाचही थर लागले, माझ्यावाचून. मी टाळ्या वाजवल्या आणि हेवाही वाटला, दोन्ही खरं. मग थर उतरायला लागले तशी मी एकेक बाई मोजत गेले. शेवटचीचे पाय जमिनीला लागले, तेव्हा कुठे मी फुटपाथवर बसले.