बशी नसलेला कप

महाडला सरांच्या घरी माझा कप ठरलेला होता. पांढरा, कडेला निळी फुलं, बुडाला इंग्रजी अक्षरांचा शिक्का. बाकीचे कप कपाटात असायचे. हा मागच्या दाराजवळ, मोरीच्या खिडकीत पालथा असायचा. शाळेत असताना चार वर्षं सरांनी मला इतिहास आणि इंग्रजी घरी बोलावून फुकट शिकवलं. आमच्या बौद्धवाडीतला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळे, हे मी आजही कुणालाही सांगतो. शिकवणी संपली की सरांच्या पत्नी, आमच्या काकू, चहा ओतायच्या. तो मी प्यायचा, कप विसळायचा आणि खिडकीत पालथा घालायचा.

मला त्याचा अभिमान वाटायचा. आमच्या घरी पाच माणसांत तीन कप होते. इथे माझ्या एकट्याचा एक, आणि तोही साहेबी! मी आईला सांगितलं.

"बशी देतात का रे?"

"नाय. फुटली म्हणं."

"आणि धुतो कोण?"

"मीच."

"बरं हाय," असं म्हणून आई पुन्हा भाकरी थापायला लागली.

दर मार्चमध्ये सर शाळेत चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर बोलायचे. बोलताना त्यांचा आवाज भरून यायचा. मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवायचो आणि संध्याकाळी जाऊन माझ्या कपातला चहा प्यायचो. या दोन गोष्टी मी कॉलेजात जाईपर्यंत एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. एकदा पोलादपूरच्या स्टँडवर चहावाल्याने माझा रिकामा ग्लास सगळ्यांच्या ग्लासांबरोबर एकाच बादलीत बुडवला, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. राग यायला हवा होता. पण काखेत सरांनीच दिलेलं पुस्तक होतं.

गेल्या वर्षी महाडच्या एका वाचनालयाने मला व्याख्यानाला बोलावलं. मी आता शिक्षक आहे. विषय दिला, 'चहा आणि इंग्रज'. दाखवायला एखादी जुनी वस्तू आणा म्हणाले. मला एकच वस्तू माहीत होती.

सर आता थकलेत. कप मागितल्यावर काकूंनी नजर टाळली. सर मात्र खूश झाले.

"अरे, अस्सल विलायती आहे तो! माझ्या आजोबांनी महाबळेश्वरच्या साहेबाच्या बंगल्यातल्या लिलावात घेतला. बशी आंबेनळी घाट उतरताना गाडीत फुटली. बिनबशीचा म्हणून बाजूला पडला. खुशाल सांग, आमच्या घरचा आहे म्हणून. मी पुढच्या रांगेत बसणार."

म्हणजे झाली का पंचाईत! कप दाखवायचा तर तो राहायचा कुठे, हेही सांगायला हवं. आणि ते सांगायचं कुणासमोर, तर ज्यांच्यामुळे मला बोलता आलं त्यांच्यासमोर.

व्याख्यान झालं. इंग्रजांना चिनी चहाची चटक लागली आणि त्याची किंमत चुकवायला त्यांनी आपल्या शेतांत अफू पिकवून चीनला विकली, हे सांगितलं. आसामातल्या मळ्यांवर लांबून आणलेल्या मजुरांचे हाल सांगितले. मग तोच चहा आपल्या गळी उतरवायला जत्रांमधून फुकट कसा पाजला, तेही. इंग्रजांवर तोंडसुख घेताना मला अजिबात अडखळायला झालं नाही. शेवटी कप वर धरला.

"हा सरांच्या घरचा. यातून मी चार वर्षं चहा प्यायलोय."

एवढंच बोललो. टाळ्या पडल्या. मागे बसलेल्या आईने वाजवल्या नाहीत.

तेवढ्यात सर काठी टेकत उठले. वर्गात उत्तरपत्रिका परत देताना असायचा तोच आवाज.

"एक मुद्दा राहिला तुझा. हा कप आम्ही वेगळा ठेवायचो. मोरीच्या खिडकीत. आणि धुवायचा हा स्वतः." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "हे काही आम्हाला इंग्रजांनी शिकवलेलं नव्हतं."

अध्यक्षांनी घाईघाईने चहापान जाहीर केलं. चहा कागदी कपांतून आला. प्रत्येकाला वेगळा कप, दुसऱ्या कुणाचं तोंड न लागणारा, पिऊन झाला की फेकून द्यायचा. महाडमध्ये समता अशीही आली आहे.

"बोलला एकदाचा मास्तर," परतताना रिक्षात आई म्हणाली. "तुझ्या तोंडून नाय निघालं ते."

रविवारी मी कप परत द्यायला गेलो. काकूंनी चहा केला आणि तीन कप मांडले, त्यांत एक तो निळ्या फुलांचा. तो सरांनी स्वतःकडे ओढला. चहा संपल्यावर मी उठलो आणि सवयीने मोरीकडे निघालो.

"बस तू," सर म्हणाले आणि तिन्ही कप घेऊन स्वतःच गेले.

त्यांनी जन्मात कप धुतला नसावा. बराच वेळ नळ वाहत राहिला. काकू दारातून बघत होत्या. "अहो, साबण!" असं दोनदा म्हणाल्या. सरांनी कप एकेक करून कपाटात लावले. निळ्या फुलांच्या कपात चहाचा तपकिरी डाग तसाच राहिला होता.

मी तो पाहिला, पण मुद्दा राहिलाय असं काही म्हटलं नाही.