मूळचं आपलंच

काका बोलण्याआधी चष्मा काढायचे. स्वेटरच्या टोकाने काचा पुसायचे, परत डोळ्यांवर चढवायचे आणि समोरच्या वस्तूवर आपला हक्क सांगायचे.

"हे मूळचं आपलंच."

वॉटफर्डच्या सुपरमार्केटमध्ये शॅम्पूची बाटली दिसली की शॅम्पू आपला, कारण चंपी. बंगला आपला, पायजमा आपला. शेजारच्या इंग्लिश आजीबाईंनी दारात जास्वंदीची कुंडी ठेवली तेव्हा त्या बिचारीलाही अर्धा तास थंडीत उभं राहून ऐकावं लागलं. रांग मात्र इंग्रजांचीच, हे काका मोकळ्या मनाने मान्य करत.

तुमच्या ओळखीतही असा एखादा माणूस असेलच. नसेल तर तुम्ही कुठल्याही महाराष्ट्र मंडळाचे सभासद नाही, असं मी समजतो. मी पुण्याहून वर्क व्हिसावर आलो, काकांपासून तीन घरं सोडून भाड्याने राहिलो आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला आपलं म्हणून टाकलं. त्याबद्दल माझं मत कोणी विचारलं नव्हतं.

मंडळाच्या सहली काका ठरवत. त्या वर्षी थायलंडवर एकमत झालं. वॉटफर्ड, ईलिंग आणि मिल्टन कीन्स धरून आम्ही अकराजण होतो, आणि त्यातल्या नऊजणांना थायलंड म्हणजे समुद्रकिनारा एवढंच माहीत होतं. काकांनी लायब्ररीचा हॉल घेतला आणि आम्हाला बेचाळीस स्लाइड दाखवल्या. लांपांग नावाचा उत्तरेतला प्रांत. जुनी बौद्ध मंदिरं, सागवानी विहार, घोडागाड्या.

"अरे, बीचवर जाऊन काय करणार? सनबेडवर लोळणार? ते स्पेनला मार्बेयात लोळा की! इथे हिस्ट्री आहे. आणि तीसुद्धा..."

"मूळची आपलीच," असं आम्ही कोरसमध्ये म्हणालो. तिसाव्या स्लाइडनंतर माणूस कशालाही हो म्हणतो.

लांपांगच का, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. काकांचा एकुलता एक मुलगा नऊ वर्षांपासून तिथे राहत होता. वॉटफर्डमध्ये जन्मलेला हा मुलगा युनिव्हर्सिटीनंतर सहा महिने इंग्लिश शिकवायला म्हणून तिकडे गेला, तिथल्याच एका शिक्षिकेशी लग्न केलं आणि राहिला. काका त्या लग्नाला गेले नाहीत. कोणी विचारलंच, तर "तो एका लाँग प्रोजेक्टवर आहे" असं सांगत. त्या प्रोजेक्टला एव्हाना सहा वर्षांची मुलगी होती. काकांनी तिला पाहिलेलं नव्हतं. काकू मात्र दर रविवारी स्वयंपाकघराचं दार लावून तिच्याशी व्हिडिओवर बोलत, आणि काका बाहेर टीव्हीचा आवाज कमी करून बातम्या पाहत. आवाज कमी का, हे आम्ही विचारत नसू. आम्हालाही थोड्या रीतीभाती आहेत.

बँकॉकला उतरल्यापासून काकांच्या चष्म्याला उसंत नव्हती. विमानतळ सुवर्णभूमी, म्हणजे आपला. आयुथया म्हणजे अयोध्या. चेडी म्हणजे चैत्य, विहान म्हणजे विहार, नखोन म्हणजे नगर. आमची गाईड हसतमुख मुलगी होती. पहिल्या दिवशी बसमध्ये तिने आम्हाला तीन शब्द शिकवले. नमस्काराला सवातदी. "स्वस्ति!" काका ओरडले. आभाराला खोप खुन. "खुन म्हणजे गुण, लिहून घ्या!" तिसरा शब्द सांगितला तेव्हा ते सीटखाली घरंगळलेली पाण्याची बाटली शोधत होते. गाईड त्यांना 'लुंग' म्हणे. तिकडे लुंग म्हणजे काका. याचा लुंगीशी काही संबंध असावा का, असं मी गंभीरपणे विचारलं, तर त्यांनी मला दोन दिवस चहा विचारला नाही.

लांपांगमध्ये आम्ही घोडागाडीतून फिरलो. वीस चेड्यांच्या देवळात गेलो. तिथे सगळ्या चेड्या बरोबर वीस मोजणारा नशीबवान ठरतो, असं म्हणतात. आमच्यातल्या चार्टर्ड अकाउंटंटने एकोणीस मोजल्या आणि काका कुठलासा शिलालेख शोधत राहिले. कोंबड्याचं चित्र काढलेले वाडगे ही तिथली खासियत. कोंबड्याबद्दल काकांकडे पुरावा नव्हता, तो त्यांनी उदारपणे चीनला सोडला. पण वाडगा घेतला. तोही दुकानातला सगळ्यात लहान, सहा वर्षांच्या हातात बसेल एवढा.

"काकूंच्या ताकासाठी," ते मला म्हणाले. काकू ताक पीत नाहीत.

चौथ्या दिवशी लांपांग लुआंगचं मोठं मंदिर होतं. दोन्ही बाजूंना नागांचे कठडे असलेला जिना, वर सागवानी खांबांचा उघडा विहार, मागे सोनेरी चेडी. आवारातच एका उंच चौथऱ्यावर छोटी, अंधारी खोली आहे. तिच्या फटीतून उजेड येतो आणि पांढऱ्या कापडावर बाहेरच्या चेडीचं चित्र उमटतं. उलटं, कळस खाली. त्या खोलीत फक्त पुरुषांनाच प्रवेश आहे. आमच्या बायकांनी या नियमाबद्दल जे म्हटलं ते सगळं रास्त होतं आणि इथे लिहिण्यासारखं नाही.

मी आणि काका पायऱ्यांपाशी उभे होतो. दुसरं कोणी तयार नव्हतं, कारण त्या पायऱ्या फारच सरळसोट होत्या. इतक्यात आवाराच्या दारातून त्यांचा मुलगा आत आला. सोबत त्याची बायको आणि दोन वेण्या घातलेली मुलगी. त्यांना काकूंनी बोलावलं होतं, हे मला नंतर कळलं. काकांनी त्यांना पाहिलं, आणि ज्या माणसाला वॉटफर्डच्या ओव्हरब्रिजवर दोनदा थांबावं लागतं, तो माणूस गुडघे विसरून त्या पायऱ्या चढून वर गेला. मागोमाग मी.

आत कापडावर सोनेरी चेडी उलटी टांगलेली होती. खरोखर सुंदर दृश्य होतं. मी त्यांच्या चष्म्याची वाट पाहत राहिलो, पण तो निघाला नाही.

"काका, जायचं ना?"

"थांब रे. नीट बघू दे."

आणखी पाच मिनिटं गेली.

"काका, ते उलटंच आहे. थांबून सुलटं होणार नाही."

ते कापडाकडे पाहतच म्हणाले, "लग्नाचं सांगायला त्याने फोन केला होता. मी म्हणालो, ती आपल्यातली नाही. फोन स्पीकरवर होता. तिला मराठी येत नव्हतं, म्हणून तिने त्याला अर्थ विचारला. आणि त्याने सांगितला."

शॅम्पूपासून सुवर्णभूमीपर्यंत सगळं आपलं म्हणणाऱ्या माणसाने एवढी एकच गोष्ट परत केली होती. मला त्यांचा राग आला. आणि त्या अंधारात त्यांचा हात कठडा शोधत होता, तो पाहून वाईटही वाटलं.

"इथे काय म्हणतात रे?" त्यांनी विचारलं. "म्हणजे आपलं चुकलं, असं म्हणायचं असेल तर?"

"सॉरी म्हणा की. इंग्लिश शिकवते ती."

"सॉरी नको. ट्रॉलीला धक्का लागला तर मी ट्रॉलीला सॉरी म्हणतो. चाळीस वर्षं म्हणतोय. त्यात काही उरलेलं नाही."

गाईडचा तिसरा शब्द मला अर्धवट आठवत होता. फोनवर शोधला. "खो थोट. असं दिसतंय इथे. खो म्हणजे मागणं."

"आणि थोट?"

मी खाली वाचलं. "संस्कृत शब्द आहे, काका. दोष."

"दोष! म्हणजे आपलाच," ते सवयीने म्हणाले. आणि मग त्यांनी स्वतःचं वाक्य ऐकलं.

मी कोटीचा मोका सहसा सोडत नाही. तो सोडला.

आम्ही खाली उतरलो. मुलगी काकूंच्या कडेवर होती आणि मराठीत बडबडत होती. तिचं मराठी बापाकडून आलेलं होतं, म्हणजे वॉटफर्डचं, आणि त्यातली लिंगं वाटेत कुठेतरी विमानातच राहिली होती. "आजी, ती आजोबा आली!" असं तिने जाहीर केलं.

"बाबा, तू वर काय करत होता?" मुलगा म्हणाला. "वी वेअर वेटिंग."

काका त्याच्याकडे न पाहता सुनेसमोर जाऊन उभे राहिले. हात जोडले. "खो थॉट," म्हणाले. फोनवरचं इंग्रजी स्पेलिंग त्यांनी वाचलं होतं, त्याचा हा प्रताप.

तिने कपाळाला आठ्या घातल्या. "सॉरी?"

म्हणजे बघा, तिथेही सॉरी तीच म्हणाली. काकांनी घसा खाकरला. "को थोट."

"खो," ती म्हणाली. जन्माची शिक्षिका. तिने बोट वरून खाली आणून स्वर कसा उतरवायचा ते दाखवलं. "थोऽत."

"खो थोड."

"आजोबा, थोड नाय! थोऽत!" काकूंच्या कडेवरून नातीने सुधारलं.

आयुष्यात ज्या माणसाने कधी चूक कबूल केली नव्हती, त्याला त्या दुपारी ती पाच वेळा कबूल करावी लागली, केवळ उच्चारासाठी. पाचव्यांदा जमलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चष्मा पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. सुनेने मान हलवली, पास केल्यासारखी. तिला पहिल्या वेळीच कळलं होतं, असं काकू म्हणतात. "पण मी तिच्या जागी असते, तर दहा वेळा म्हणायला लावलं असतं," असंही म्हणतात.

पुढचे दोन हिवाळे काका-काकू लांपांगलाच होते. मंडळाच्या सहलीही बंद पडल्या. आम्हाला हव्या त्या बीचवर आम्ही हवे तितके लोळू शकत होतो आणि कोणीच लोळायला गेलं नाही.

गेल्या नोव्हेंबरमध्ये काका वॉटफर्डमध्ये गेले. झोपेतच. मुलगा, सून आणि नात आले. फ्युनरल डायरेक्टरकडच्या छोट्या खोलीत सुनेने विचारलं, आमच्याकडची एक गोष्ट केली तर चालेल का? काकू म्हणाल्या, "कर बाई." तिने काकूंच्या देवघरातल्या फुलपात्रात पाणी घेतलं, गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या, आणि काकांचा उजवा तळवा ताटलीवर उघडा धरून त्यावर थोडं पाणी ओतलं. हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

"तिकडे असं असतो," मुलाने आम्हाला सांगितलं. "सगळे पाणी घालतात आणि माफी मागतात. काय चुकला असेल तर."

आम्ही एकेक करून पुढे झालो. ईलिंगचे, मिल्टन कीन्सचे, या सुनेबद्दल वर्षानुवर्षं चहाबरोबर चघळणारे आम्ही सगळे. मी त्यांच्या तळव्यावर पाणी ओतलं आणि लुंगीबद्दल माफी मागितली. लिहिताना हसू येतंय, तेव्हा आलं नव्हतं.

शेवटी काकू आल्या. फुलपात्र हातात घेतलं.

"मी काही मागणार नाहीये हं माफी," त्या काकांना म्हणाल्या. "चाळीस वर्षं तुमचंच ऐकलंय."

आणि उरलेलं सगळं पाणी त्यांनी तळव्यावर ओतलं. मग शालीचं टोक घेऊन त्यांचा हात पुसायला लागल्या. एकेक बोट वेगळं करून, बोटांच्या बेचक्यांतून. सून पुढे झाली, तर तिला हातानेच थांबवलं.

"कोरडा करू दे गं," म्हणाल्या. "बाहेर फार थंडी आहे."