बाबा हॅरोत न सांगता बाहेर पडले

डॅलसहून लंडनच्या हॅरोला जायचं ठरलं ते तिथे राहणाऱ्या माझ्या दादाच्या टोमण्यामुळे. “तुमच्या अमेरिकेत माणसं गाडीतच म्हातारी होतात,” तो फोनवर म्हणाला. मी म्हटलं, “थांब, बाबांनाच घेऊन येते. कुठलं शहर बरं, ते ठरवू देत.” बाबा चौऱ्याहत्तरचे. आई गेल्यापासून, दोन वर्षं, माझ्याकडे असतात. गाडी चालवत नाहीत.

हीथ्रोहून हॅरोला थेट बस आहे. पावणेदोन पाउंड, बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. टॅक्सीच्या नादी लागू नका. दादाचं घर बघून मात्र मला हसू आवरेना. वॉशिंग मशीन स्वयंपाकघरात, आणि जिना इतका अरुंद की बॅग आणि मी आळीपाळीने चढलो.

“वहिनी, आमचं गॅरेज याहून मोठं आहे गं.”

“म्हणून तर त्यात गाड्या सुखात राहतात,” वहिनी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा गायब! फोन टेबलावरच. दादा-वहिनी ऑफिसला गेलेले, घरी मी आणि शाळेला हाफ-टर्मची, म्हणजे सत्राच्या मधली, सुट्टी असलेली बारा वर्षांची भाची रिया.

“आत्या, आजोबा कुठे गेली?”

रियाच्या मराठीत आजोबा कधी ‘गेली’ असतात, कधी ‘गेलं’. एरवी मी हसले असते. त्या दिवशी दोघी धावत सुटलो. लायब्ररी, केमिस्ट, भाजीचं दुकान, पुन्हा लायब्ररी.

दोन तासांनी घरासमोरच्या स्टॉपवर बाबा बसमधून उतरले. केस कापलेले, हातात मेथीच्या दोन जुड्या, सोबत त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ.

“हे कांबळे, नागपूरचे. बसमध्ये भेटले. रविवारी विहारात वंदनेला बोलावलंय.”

“जय भीम, ताई,” कांबळेकाका म्हणाले. मी जय भीम केला आणि बाबांवर घसरले. “सांगून जायचं ना!”

“अगं, डॅलसमध्ये सांगितल्याशिवाय कुठे जाता येतं मला? म्हणून एकदा न सांगता जाऊन बघितलं.”

मी त्यांच्या हातातल्या मेथीच्या जुड्या घेतल्या.

पुढचे दहा दिवस बाबा रोज बाहेर. आम्ही मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनने लंडन पालथं घातलं. तुम्हीही घाला, पण गुडघे सांभाळून, काही स्टेशनांवर जिन्यांना अंत नाही. बाबांना ना राजवाड्यात रस, ना पुलात. कांबळेकाकांबरोबर बागेतला बाक पुरे. कांबळेकाका इंग्लंडच्या हवेला नावं ठेवायचे, बाबा डॅलसच्या उन्हाला.

डॅलसला परतलो. पहिल्याच सकाळी बाबा बूट घालून निघाले. दहा मिनिटांत शेजारीण त्यांना गाडीत घालून घेऊन आली. रस्त्याकडेने एकटा म्हातारा चालतोय म्हणजे काहीतरी बिघडलंय, असं तिला वाटलं. फार भली बाई. बाबांनी तिचे आभार मानले, बूट काढले आणि खोलीत गेले.

शनिवारी आम्ही डॅलसमध्येच ट्रेनच्या स्टेशनाजवळचं एक भाड्याचं घर बघायला जातोय. नवरा विचारतोय, एवढं सामान कुठे मावणार? मीही रोज घरातलं एकेक कपाट मोजून घाबरते. बाबांनी त्यांचं सामान खोक्यात भरूनसुद्धा टाकलंय.