कुंकू लावलेलं सर्टिफिकेट

आमच्या अख्ख्या भावकीत लशीचे दोन्ही डोस वेळेवर घेतलेली माणसं दोनच होती, आई आणि मी. आणि भाचीच्या लग्नाला जाताना नाक्यावर अडवला गेलेला माणूस एकच, मी.

यात दोष कुणाचा, असं विचारलंत तर मी आधीच हात वर करतो. मला ती सवयच आहे. शेजारच्या घरात दूध उतू गेलं तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. पहिला डोस घेतला त्या दिवशीही मी घरी तोंड पाडून आलो, कारण माझ्यामागे उभ्या असलेल्या बाईंचा नंबर यायच्या आधी लस संपली. (मी त्यांना "माझी तुम्ही घ्या" म्हणालो होतो. पण तोवर ती माझ्या दंडात शिरली होती.)

बाकीच्या भावकीला मी नावं ठेवणार नाही. माणसं कंटाळली होती हो! आज पन्नास माणसांत लग्न करा, उद्या पंचवीस. आज दुकान उघडा, उद्या अर्धंच शटर. कागलच्या एमआयडीसीत आमच्या फाउंड्रीच्या गेटवर तर रोज वेगळी सूचना लागायची आणि कालची सूचना कुणी काढायचं नाही. माझा चुलतभाऊ धनाजी पहिल्या डोसानंतर ऐन सोयाबीन काढणीत तापानं फणफणला. उठून बसल्यावर त्यानं जाहीर केलं, "आण्णा, एका डोसात ही गत! दुसऱ्यात मला चौघं जण उचलूनच न्हेत्याल की!" काकू म्हणाली, "त्याला आला ताप, मग मी कशाला घिऊ?" आणि काकूनं घेतली नाही म्हणून तिच्या दोन्ही सुनांनी घेतली नाही. आमच्याकडं सासूच्या आधी सुना जेवत नाहीत, तर लस कुठली घेणार?

तर माझ्या सर्टिफिकेटचं सांगत होतो. त्या वेळी माझा फोन दुरुस्तीला होता, म्हणून मी नोंदणी धनाजीच्या नंबरवर केली होती. सर्टिफिकेट सायबर कॅफेतून छापून आणलं आणि घरात टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आई दरवर्षी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडते. कोयता, खुरपं, शिवणयंत्राची कात्री, माझ्या स्कूटरचा पान्हा. त्या वर्षी मी आंघोळ करून येतो तर पान्ह्याशेजारी माझं सर्टिफिकेट!

"आई, हे इथं कसं?"

"कसं म्हंजे? ह्या रोगाशी लढायचं हत्यार हेच की आता!"

तिनं पूजाही मनापासून केली होती. कागदावर कोपऱ्यात तो काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो ना, मोबाइलनं तपासतात तो? तो आईला रांगोळीसारखा वाटला. तिनं त्याच्या बरोबर मधोमध ओलं हळदीकुंकू लावलं आणि वर अक्षता चिकटवल्या. मी पुसायला हात पुढं केला.

"पुसू नगं! पूजेचं कुकू पुसत्यात व्हय?"

आता आईचा शब्द मोडायचा की सरकारी कागद खराब ठेवायचा? मी दोघांचाही मान राखायचं ठरवलं. थेट दुकानात गेलो आणि सर्टिफिकेट, कुंकू आणि एक चिकटलेला तांदूळ, असं सगळं लॅमिनेट करून घेतलं. दुकानदार म्हणाला, "तांदूळ तेवढा काढू का?" मी म्हणालो, "राहू दे. आईला वाईट वाटेल."

तुळशीचं लग्न झालं आणि सोनलच्या लग्नाची तारीख निघाली. सोनल माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची मुलगी. ती लहान असतानाच दाजी गेले. तेव्हापासून तिच्या शाळेच्या दाखल्यापासून स्थळ बघण्यापर्यंत सगळ्याला मामाच पुढं. लग्न कोरोनामुळे आधी दोनदा पुढं गेलेलं. नवरामुलगा कर्नाटकातला, निपाणीच्या पुढचा, पण हॉल मिळाला तो सीमा ओलांडली की लगेच. आमच्याकडं नवरी अक्षतेला मामानं आणलेली पिवळी साडी नेसते आणि मामाच तिला हाताला धरून बोहल्यावर आणतो. सोनलनं आदल्या दिवशी फोनवर बजावलं, "मामा, मला वडील न्हाईत. तुमी आल्याशिवाय मी उभी राहणार न्हाय. कुणी काय बी म्हणू दे."

"अगं, माझ्याआधी साडी येईल तिथं!" मी म्हणालो.

कर्नाटकात शिरायला त्या आठवड्यात दोन डोसांचं सर्टिफिकेट लागत होतं. लग्नाच्या सकाळी धनाजीनं आपल्या जीपभोवती सगळ्यांना गोळा केलं आणि बेत सांगितला. "नाक्याच्या अलीकडं उसातनं पाणंद हाय. थेट पलीकडं निघती. तिथं महाराष्ट्र कुठं सपला न् कर्नाटक कुठं चालू झालं, त्ये उसाला बी म्हाईत न्हाय!"

मी उभा राहिलो. भावकीसमोर मी सहसा उभा राहत नाही. "धनाजी, नियम आपल्याच भल्यासाठी असतात. मी चोरवाटेनं येणार नाही. मी स्कूटरवरून सरळ हमरस्त्यानं येणार."

"मग साडी तर जीपमध्ये दे!" आक्का म्हणाली.

"मामाची साडी मामाच आणतो," मी म्हणालो. आक्कानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मला तेव्हा कळली नाही.

नाक्यावर मी मास्क नीट केला, फेटा नीट केला आणि हवालदारापुढं सर्टिफिकेट असं धरलं जसं शाळेतलं पहिल्या नंबरचं प्रगतिपत्रक. माणूस भला दिसत होता, पण झोपेला आलेला. त्यानं मोबाइल चौकोनावर धरला. काही नाही. तिरका धरला. काही नाही. शर्टाच्या बाहीनं प्लॅस्टिक पुसलं. मग डोळ्याजवळ नेलं.

"एन्री इदु? काय हो हे? कुंकू?"

"आईनं पूजा केलीय."

"आणि हे आत काय टोचतंय?"

"तांदूळ."

त्यानं सर्टिफिकेट खाली ठेवलं, माझ्याकडं बघितलं, परत सर्टिफिकेटकडं बघितलं. "पावणं, मला दिसतंय तुमी खरं बोलताय. खोटं बोलणारा तांदूळ घालून आणत न्हाय. पण मशीन वाचत न्हाय तर मी सोडू कसा? वर साहेब बघत बसलाय."

"मग मोबाइलवर काढून दाखवतो!" मी म्हणालो. नंबर टाकला, ओटीपी मागवला. ओटीपी अर्थातच धनाजीच्या फोनवर गेला. धनाजीला फोन लावला, तर तो संपर्क क्षेत्राबाहेर. म्हणजे उसात. परत लावला. परत. शेवटी एकदाचा फोन लागला आणि मागं सनई ऐकू आली.

"आण्णा, कुठं हाईस? आमी पोहोचून नाष्टा बी केला!"

"धनाजी, तुझ्या फोनवर ओटीपी आलाय, तो सांग. पटकन!"

पलीकडं सनईचा आवाज लांब गेला.

"ओटीपी कुणाला सांगायचा नसतो," धनाजी म्हणाला.

"अरे, मी मागतोय!"

"तूच सांगितलंतस मला. बँकेचं खातं धुऊन न्हेत्यात म्हणालास. अगदी सख्खा भाऊ बोलतोय वाटलं तरी सांगू नगंस म्हणालास."

"अरे, पण मी खरंच आण्णा आहे!"

"त्येच म्हणत्यात की समदे! बरं, आण्णा असलास तर सांग, माझ्या लग्नात रस्सा कुणी सांडला?"

माझ्यामागं गाड्यांची रांग लागली होती. फोन स्पीकरवर होता. हवालदार कान देऊन ऐकत होता.

"मी," मी हळूच म्हणालो.

"कुणावर?"

"तुझ्या सासऱ्यांवर."

"तांबडा का पांढरा?"

"तांबडा!" मी ओरडलो. "त्यांच्या नव्या पांढऱ्या धोतरावर! आता तरी सांग!"

"आण्णाच हाय की रं!" धनाजी आनंदानं म्हणाला आणि त्यानं ओटीपी सांगितला. मी तो टाकला. त्याची मुदत संपली होती, आणि नवा मागवला तर सर्व्हरच बंद.

मागच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "मग सासरं काय म्हणालं हो?"

तेवढ्यात आक्काचा फोन. तिच्यासाठी मी अजून बाळूच. तिचा आवाज बसलेला. "बाळू, कुठं हाईस रं? भटजी घाई करतोय. हॉल दुपारपर्यंतच दिलाय, मागं दुसरं लगीन हाय. पोरगी आतनं कडी लावून बसलीया. मामा आल्याशिवाय येणार न्हाय म्हणती. पोराकडची कुजबुजाय लागल्यात."

मी हवालदारापुढं हात जोडले. त्यानं मला पाण्याची बाटली दिली. "माझ्या मावशीच्या मातीला मी जाऊ शकलो न्हाय," तो म्हणाला. "ह्याच नाक्यावर उभा होतो, दुसऱ्यांस्नी अडवत. मला काय हौस हाय का? पण आज तुमाला सोडला तर उद्या तांदूळ न घालता येतील सगळे. मागं फिरा, पावणं."

मी मागं फिरलो. एका हॉटेलसमोर स्कूटर लावली, डिकीतून साडी काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा कायदा मोडायला पाणंदीत शिरलो. दोन्ही डोस घेतलेला, मास्क लावलेला, फेटा बांधलेला, आणि चोर! सकाळी कुणीतरी उसाला पाणी सोडलं होतं. पहिल्या चिखलात उजवी चप्पल गेली. साडीला डाग लागू नये म्हणून मी ती डोक्यावर, फेट्यावर धरली. उसाचं पान गालाला कापत गेलं. समोर कुत्रं उभं राहून माझ्याकडं बघत होतं. ते भुंकलंसुद्धा नाही. त्यालाही माझी दया आली असावी.

पाणंद संपली तिथं गावानं बाभळीचे काटे टाकून वाट अडवली होती आणि खाटेवर एक म्हातारबा बसले होते.

"थांब! लस?"

मी सर्टिफिकेट दिलं. त्यांनी उलटं धरलं, सुलटं धरलं, कुंकवावर बोट ठेवलं.

"ह्ये कुणी लावलं?"

"आईनं. खंडेनवमीला."

म्हातारबांनी सर्टिफिकेट कपाळाला लावलं. "जा बाबा. सकाळपास्नं लगनाची जीप भरून माणसं गेली, एकानं कागूद दावला न्हाय. समदी म्हणत हुती, मागनं आमचा आण्णा येतोय, त्येच्याकडं हाय!"

हॉलच्या दारात माझा अवतार बघून वाजंत्र्यानं सनई थांबवली. मी तसाच, एका पायात चप्पल, सोनलच्या खोलीसमोर गेलो. "सोनल, मामा आलाय."

कडी निघाली. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, माझ्या हातातली कोरडी, घडी न मोडलेली साडी बघितली, आणि रडायलाच लागली. मग हसायला लागली. मग दोन्ही. "मामा, मेकअप गेला की वो!" म्हणाली. ती साडी नेसून आली तेव्हा मी तिचा हात धरला आणि आम्ही चाललो. माझ्या चिखलाच्या पावलांचे ठसे थेट बोहल्यापर्यंत उमटले. आक्का पदरानं डोळे पुसत होती. अक्षता पडल्या. लग्न लागलं.

इथं थांबायला हवं होतं. शहाणा माणूस इथं थांबला असता.

पण संध्याकाळी जीपमधून परत येताना माझी स्कूटर घ्यायला नाक्यापाशी उतरणं भाग होतं. महाराष्ट्रात येणाऱ्या गाड्यांना कुणी अडवत नव्हतं. धनाजी, काकू, तिच्या दोन्ही सुना, आक्का आणि आई, सगळी जीपमध्ये पेढे खात होती. आणि समोर तोच हवालदार खुर्ची आवरत होता. मला त्यानं पाणी पाजलं होतं. त्याच्या मावशीचं सांगितलं होतं. आणि मी त्याला फसवलं होतं! माझे पाय आपोआप तिकडं वळले.

"आण्णा, स्कूटर हिकडं हाय!" धनाजी ओरडला.

"साहेब," मी म्हणालो, "मी तुमचा गुन्हेगार आहे. मी उसातून गेलो."

हवालदारानं कपाळाला हात लावला. "पावणं, गेलासा तर गेलासा. सांगताय कशाला? लगीन लागलं का?"

"लागलं."

"पोरगी उभी राहिली?"

"राहिली."

"झालं तर मग! जावा आता घरी." तो अगदी मनापासून हसला. मलाही एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं वाटलं, की मी म्हणालो, "तुम्ही थोर आहात साहेब. नाहीतर मी एकटाच तेवढा चिखलातून गेलो. बाकीचे सगळे जीपनं गेले."

हवालदाराचं हसू थांबलं. त्यानं सावकाश मान वळवून जीपकडं बघितलं. जीपमधलं पेढे खाणंही थांबलं.

"ह्या जीपनं?"

मला खोटं बोलता येत नाही. मी गप्प राहिलो. पण माझं गप्प राहणंसुद्धा खरंच बोलतं.

त्यानं केस केली नाही, हे मी आवर्जून सांगतो. शेजारी मांडवात लसीकरणाचं टेबल होतं आणि आवराआवर करत असलेल्या सिस्टर होत्या. त्यानं फक्त जीपचं दार उघडलं आणि म्हणाला, "बर्री, या एकेक जण." काकू आधी गेली, मग क्रमानं दोन्ही सुना. आक्काला सुई टोचताना ती माझ्याकडं बघत होती. सकाळच्या त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळला: हा सरळपणानं घात करणार. धनाजीनं "माझी बॉडी रिॲक्शन देती वो!" म्हणून बरंच सांगून बघितलं. रात्री सगळ्या भावकीला ताप भरला आणि आई व मी घरोघर पेज पोहोचवत होतो. धनाजीनं दार उघडलं नाही. आतून म्हणाला, "उंबऱ्यावर ठेव न् जा."

सोनलच्या मुलाच्या बारशाला आम्ही परत त्याच रस्त्यानं गेलो. नाका उठला होता, नियम गेले होते, कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. तरीही धनाजीनं मला जीपमध्ये काकू आणि आक्काच्या मधोमध दाबून बसवलं आणि ती जागा मागं पडेपर्यंत आक्कानं माझं तोंड धरून ठेवलं.