रिकाम्या वॉर्डातलं ‘व्हय म्हाराजा’

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. कोणाच्या अंगात आलं की मी नाडी बघायला पुढे होणारी बाई! तेव्हा हे वाचून ‘आजी, वयामुळे होतं असं’ म्हणणार असाल तर खुशाल म्हणा. पण तेव्हा मी विशीतली होते, आणि माझ्याबरोबर आणखी दोघींनी ते ऐकलंय...

साठचं दशक नुकतं लागलं होतं. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हता, सगळं रत्नागिरीच. मी मुंबईत ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे आजारी माणसाला पुन्हा रोजच्या कामांना लावायची विद्या, शिकत होते आणि फील्डवर्कसाठी माझी रवानगी वेंगुर्ल्याच्या एका छोट्या हॉस्पिटलात झाली. बोटीतून उतरले ती ओकून अर्धमेली, पण लाकडी खुंट्यांची फळी छातीशी घट्ट. लुळ्या हाताने खुंट्या भोकांत बसवायच्या – हा आमचा हुकमी व्यायाम.

माझे पहिले पेशंट भिकाजी आबा, आतल्या गावचे शेतकरी. अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडलेला आणि वाचा गेलेली. म्हणजे, एक अस्सल मालवणी शिवी तेवढी शाबूत होती. फळी पुढे ठेवली की ती मला मिळायची. रोज, न चुकता.

त्यांची मुलगी शेवंती पेज घेऊन यायची. तिचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि आबा घरी जायलाच तयार नव्हते. का, ते तिनेच सांगितलं. गावात काहीही कार्य असो, गाऱ्हाणं घालायचा मान आबांचा. म्हणजे हातात नारळ धरून सगळ्यांच्या वतीने देवाला खणखणीत आवाजात साकडं घालायचं, आणि दर वाक्याला जमलेल्या माणसांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. लेकीच्या मांडवात मुक्याने बसायचं, त्यापेक्षा हॉस्पिटल बरं, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं.

फळी ट्रंकेत गेली. मी शेवंतीला नारळ आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वॉर्डात आम्ही तिघंच. बाकीचे पेशंट सकाळीच घरी गेलेले. मी आबांची उजवी बोटं एकेक करून नारळावर बसवली, डावा हात खालून आधाराला. शेवंती समोर बसली आणि हळूच म्हणाली, “आबा, माझ्या लग्नाक गाऱ्हाणा कोण घालतलो?”

आबांचे ओठ हलले. शिवी येणार म्हणून मी तयारीतच होते.

“बा... देवा... म्हाराजा...”

आणि माझ्या पाठीमागून, अख्खं गाव जमल्यासारखं उत्तर आलं – “व्हय म्हाराजा!”

मी गर्रकन वळले. रिकाम्या खाटा, गुंडाळलेल्या गाद्या. शेवंतीने तोंडावर हात ठेवला होता. आबांना मात्र काही नवल नाही! ते आपले पुढच्या वाक्याला लागले. अडखळत, पण बोलत होते, आणि दर वाक्याला मागून तो दणदणीत होकार. खरं तर मी घाबरायला हवं होतं. पण खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला की घाबरायचं राहूनच गेलं.

तेवढ्यात हेडसिस्टर तरातरा आत आल्या. भेटीची वेळ नसताना एवढी माणसं वॉर्डात कोणी सोडली, म्हणून माझ्यावर बरसल्या. मग त्यांनी चहूकडे पाहिलं... वाकून खाटांखालीसुद्धा पाहिलं, आणि आल्या तशा तरातरा निघून गेल्या.

पुढे मुंबईत आमच्या सरांनी समजावलं – पाठ असलेले बोल कधी कधी असे परत येतात, त्यामागे शास्त्र आहे. कबूल. पण उत्तराचं काय? प्रतिध्वनी म्हणावा, तर तो आपलेच शब्द परत देतो. सर म्हणाले, तेवढं रिपोर्टात लिहू नकोस.

आबा घरी गेले. लग्नाला मी वेंगुर्ल्याहून एसटीने आणि पुढे पायी पोचले. आबा दोन्ही हातांत नारळ धरून उभे राहिले. मधेच शब्द अडला, तर सगळा मांडव चिडीचूप थांबला. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“बा देवा म्हाराजा... ह्या मुंबयच्या चेडवान माका परत उभो केल्यान. हिच्या हाताक यश दी रे म्हाराजा.”

मांडव दणाणून “व्हय म्हाराजा” म्हणाला. मी हमसून रडले, आणि मग पोटभर जेवलेसुद्धा.

त्यानंतर कुठलाही पेशंट आला की मी आधी विचारायची, घरी तुमचं काम कोणतं? व्यायाम त्यानंतर. वॉर्डातला तो होकार कोणाचा होता, ते मला आजवर कळलेलं नाही. मांडवातला मात्र माझ्यासाठी होता, आणि तो मला अजून पुरतोय.