मोहावरून पडलेला माणूस

मला चारचौघांत बोलता येत नाही. आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकले, पण गुरुजींनी नाव विचारलं तरी मान खाली घालायची. त्या दिवशी मी बोलले, हे मलाच अजून खरं वाटत नाही, म्हणून या वहीत लिहिते आहे.

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. नवरा सकाळी टोपली घेऊन आमच्या झाडाकडे निघाला. वाटेत पोलीस उभे होते. त्याच्या पुढून शहरातला ठेकेदार मोटारसायकलवर गेला, त्याला पोलीस म्हणाले, "शेठ, सांभाळून जा." नवरा त्यांना पाहून थांबला. तर म्हणे, "थांबलास का?" आणि काठ्या सुरू. मागच्या खेपेला शेजारचा पळाला होता, तर पळाला म्हणून त्याला मारलं होतं. टोपली रिकामी आहे हे त्यांनी हात मोडल्यावर पाहिलं.

मी नवऱ्याला दवाखान्यात नेलं, तेव्हा त्या पोलिसांतलाच एक सोबत आला. तोही बाहेरच्या जिल्ह्यातला, डॉक्टरही बाहेरचे. डॉक्टर म्हणाले, "आधी कागद, मग प्लास्टर." हात सुजून दुधीभोपळ्यासारखा झाला होता. पोलिसानं सांगितलं, "लिहा, मोहाची फुलं तोडताना झाडावरून पडला."

डॉक्टरांनी लिहिलं. अंगठा लावायला कागद माझ्यापुढे आला. मी वाचला.

"साहेब, मोहावर कोणी चढत नाई," मी म्हटलं. "फुलं आपोआप खाली पडते."

पोलीस माझ्याकडे बघतच राहिला. "बरं, तेंदूची पानं तोडताना."

"पानं तोडायचा तेंदू कंबरेएवढा असते."

डॉक्टरांनी दुसऱ्यांदा खोडलं. "ताड?"

"ताड आमच्या गावात नाई."

"मग तुमच्या गावात माणूस पडतो तरी कशावरून?" डॉक्टर वैतागले.

नवऱ्याला वेदना सोसवेना. तो हळूच म्हणाला, "साहेब, चिंच चालन का? घरामागं हाये."

पोलीस खूश झाला. "बघा, शहाणा आहे! किती उंच आहे रे?"

"लई उंच हाये," नवरा म्हणाला. "पण मी कधी चढलो नाई."

डॉक्टरांनी खोडाखोडीचा कागद फाडला. नवा घेतला, नाव-गाव लिहिलं, कारणाची जागा तशीच सोडली आणि म्हणाले, "तुमचं काय ते ठरवा." मग ते पट्टी भिजवायला लागले.

पेन टेबलावर होतं. पोलीस अंगठ्यासाठी शाईचा डबा शोधत होता. मला लिहिता येईल हे त्याच्या मनातच आलं नसावं. मी त्या रिकाम्या जागी लिहिलं, पोलिसाच्या काठीने. खाली सही केली. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

पोलिसानं वाचलं. "बाई, हे काय केलं?"

मी खाली बघितलं. डॉक्टर पट्टी गुंडाळत राहिले. पोलीस कागदाचा फोटो काढून साहेबांना विचारायला व्हरांड्यात गेला. तिथे रेंज नव्हती. तो फाटकापर्यंत गेला, मग रस्त्यावर. तो परत येईपर्यंत प्लास्टर सुकलं होतं.